स्पीकरच्या वायरची टोके कशी बांधावीत?

खर्ज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या घरच्या संचातला डावा स्पीकर अधूनमधून मुका होऊ लागला. ऐकता ऐकता एका बाजूचा तानपुरा नाहीसा व्हायचा आणि आवाज जरा वाढवला की खरखर होऊन परत यायचा. मी आधी अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेतला. त्याच्या मागच्या डाव्या आणि उजव्या वायरींची अदलाबदल केली, तरी दोष डाव्या स्पीकरपाशीच राहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष होता. मग स्पीकर भिंतीपासून ओढून त्याच्या मागचा लाल नट सोडवला आणि सगळा उलगडा झाला. दहा वर्षांपूर्वी ज्याने जोडणी केली होती, त्याने वायर पुरेशी सोललेली नव्हती. नटाखाली तांब्याऐवजी वायरीचे प्लास्टिक दाबले गेले होते, पाच-सहा केसासारख्या तारा कशाबशा धातूला टेकल्या होत्या, आणि त्याही काळ्या-हिरव्या पडल्या होत्या. दोन्ही स्पीकरांचा सगळा प्रवाह इतकी वर्षे अशा टोकांतून जात होता.

त्या दिवशी मी दोन्ही बाजूंची आठही टोके कापून नव्याने बांधली. ते करताना बरेच वाचले, मोजले आणि काही चुकाही केल्या, म्हणून हा धागा. माझे मत आधीच सांगून टाकतो. वायर खऱ्या तांब्याची आणि पुरेशी जाड असली की तिच्याविषयी फारशी चिंता करण्याचे कारण उरत नाही. काळजी घ्यायची ती शेवटच्या एका सेंटिमीटरची.

जाडीचा हिशेब एकदाच करावा लागतो. अडीचच्या, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध मानकाप्रमाणे किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम असतो, दीडच्या वायरीचा १३.३ आणि पाऊणच्या वायरीचा २६. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचे. माझा डावा स्पीकर दाराला वळसा घालून ९ मीटरवर आहे. तिथे जुनी पाऊणची वायर होती, म्हणजे १८ मीटरला ०.४७ ओहम, आणि ८ ओहमच्या स्पीकरच्या मानाने हे जवळजवळ सहा टक्के झाले. अडीचची वायर टाकल्यावर तोच आकडा ०.१४ ओहमवर, दोन टक्क्यांच्या आत आला. पाच टक्क्यांच्या आत राहावे, असा एक रूढ संकेत आहे. स्पीकर ४ ओहमचा असेल तर हीच टक्केवारी दुप्पट होते, हे मात्र विसरू नये. रोध जास्त झाला की नुसता आवाज कमी होतो असे नाही. स्पीकरचा स्वतःचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, त्यामुळे काही स्वर थोडे अधिक दबतात आणि काही कमी.

आता टोकांविषयी. मी वायर १० ते १२ मिलिमीटर सोलतो. ब्लेडने सोलताना आवरणाबरोबर दोन-चार बारीक तारा हमखास कापल्या जातात, म्हणून वायर स्ट्रिपर घ्यावा आणि त्याच्या योग्य खाचेतच वायर धरावी. सोलल्यावर तारा ज्या दिशेला मुळात पिळलेल्या असतात, त्याच दिशेला चिमटीत धरून घट्ट पिळ द्यावा. यानंतर टोक उजेडात धरून सगळीकडून पाहावे. एखादी तार बाहेर आली असेल तर ती शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडायच्या खुंटीला, टेकण्याचा धोका असतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना लाल आणि काळे टर्मिनल एकमेकांना टेकले तर आतले आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. बऱ्याच यंत्रांत संरक्षणाचा रिले असतो आणि तो ‘टक्’ असा आवाज करून स्पीकर तोडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मुख्य प्लगही काढून ठेवावा.

माझी मोठी चूक डाख देण्याची होती. टोके सुबक राहावीत म्हणून मी पहिल्या दोन टोकांवर सोल्डर चढवले आणि ती नटाखाली घट्ट आवळली. दहा दिवसांनी पाहिले तर दोन्ही नट सैल झाले होते. सोल्डर मऊ धातू आहे. सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि पकड जाते. जिथे स्क्रू किंवा नट आवळायचा आहे, तिथे उघडे पिळलेले तांबे किंवा दाबून बसवलेली नळीसारखी पिन चांगली.

नट हातानेच आवळावा. पक्कड लावली की अख्खे टर्मिनल फिरते आणि डब्याच्या आतली वायर तुटते.

मी शेवटी चार मिलिमीटरचे बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवून टर्मिनलच्या भोकात नुसते खुपसायचे प्लग) बसवले, कारण मला स्पीकर वारंवार हलवावे लागतात. ज्यांचे स्पीकर वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत, त्यांना नीट बांधलेले उघडे तांबेही तितकेच चांगले काम देईल. आपण कशी जोडणी केली आहे आणि काय अडचणी आल्या, ते कृपया लिहावे.

—

डोंबिवलीकर

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या नव्या घराचे काम सुरू आहे आणि दिवाणखान्यात स्पीकरच्या वायरी भिंतीतून न्यायच्या आहेत. अंतर १२ मीटरच्या आसपास आहे. वायरमन म्हणतो की दिव्यांच्या पाइपातच स्पीकरची वायर ओढून टाकू, वेगळा पाइप कशाला? दुसरी गोष्ट म्हणजे, दुकानातून अडीचची दोन पदरी वायर म्हणून २० मीटरचे पारदर्शक आवरणाचे बंडल आणले आहे. त्यावर शुद्ध तांबे असा मजकूर आहे, पण हातात घेतल्यावर ते फारच हलके लागते. ते वापरावे का?

—

खर्ज

पाइप वेगळाच हवा, यात तडजोड करू नये. स्पीकरच्या वायरीत गुणगुण शिरेल, ही भीती फारशी खरी नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध अगदी कमी असतो. खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. दिव्यांची वायर २३० व्होल्टची असते. पाइपात ओढताना तिचे आवरण खरचटले आणि ती स्पीकरच्या वायरीला टेकली, तर तो विद्युतदाब थेट आपल्या संचापर्यंत आणि कदाचित हाताच्या बोटांपर्यंत येईल. शक्य असेल तर २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप टाकून घ्यावा, वळणे मोठी ठेवावीत आणि पाइपात ओढण्यासाठी एक जादा दोरी सोडून द्यावी. भिंतीच्या आत जोड मुळीच देऊ नये. प्रत्येक स्पीकरला अखंड वायर जावी.

आपल्या बंडलाविषयी मला शंका वाटते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ठेवून पाहा. २० मीटर दोन पदरी वायर म्हणजे ४० मीटर तार, २.५ चौरस मिलिमीटर खरे तांबे असेल तर नुसत्या तांब्याचेच वजन ८०० ते ९०० ग्रॅम व्हायला हवे, आणि आवरणाचे वजन वेगळे. तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असेल तर धातूचे वजन ४०० ग्रॅमच्याही आत राहील. दुसरी परीक्षा म्हणजे एक तार ब्लेडने खरवडून पाहणे. आत पांढरा धातू दिसला की समजावे. अशी वायर अजिबात चालत नाही असे नाही, पण तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवल्यावर लवकर तुटते आणि स्क्रूखाली दाबल्यावर सैल होते. भिंतीत कायमची पुरण्याच्या लायकीची ती नव्हे.

—

मंडपातला माणूस

मी सार्वजनिक कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम वीस वर्षे करतो आहे. दर आठवड्याला जोडायचे आणि सोडवायचे असल्यामुळे टोकांचे महत्त्व आम्हाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. दोन गोष्टी मांडतो.

पहिली थिंबलविषयी, म्हणजे वायरीच्या टोकावर चेपून बसवायच्या धातूच्या तुकड्याविषयी. घरगुती जोडणीत लोक थिंबल आणतात आणि साध्या पकडीने चेपतात. पकडीने चेपलेले थिंबल बाहेरून घट्ट दिसते, पण आतल्या तारांभोवती पोकळी राहते. हवा आणि ओल आत शिरते आणि वर्षभरात तोच काळेपणा येतो. क्रिंपिंगचे रॅचेटवाले हत्यार घ्यावे, ते पूर्ण दाब दिल्याशिवाय उघडतच नाही. वायरीच्या जाडीचेच थिंबल निवडावे. दीडच्या वायरीवर चारचे थिंबल चेपून उपयोग नाही. चेपल्यावर वायर एका हातात आणि थिंबल दुसऱ्या हातात धरून जोरात ओढावे. निसटले तर ते आत्ताच निसटलेले बरे.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. काळे टर्मिनल म्हणजे अर्थिंग, असा समज जुन्या यंत्रांमुळे रूढ झाला आहे. आजच्या पुष्कळ छोट्या डिजिटल पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरांत ब्रिज रचना असते आणि तिथे लाल व काळे ही दोन्ही टर्मिनले जिवंत असतात. वायर वाचवण्यासाठी दोन्ही स्पीकरांचे काळे टोक एकत्र करून तीन पदरी वायर नेणारे लोक मी पाहिले आहेत. अशा यंत्रावर ते केले तर यंत्र जळते किंवा संरक्षणात जाते. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन तारा द्याव्यात.

—

सागरतीर

मी मालवणला राहतो, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वर धागाकर्त्यांनी दहा वर्षांनी काळ्या-हिरव्या पडलेल्या तारांचे वर्णन केले आहे. आमच्याकडे ते दृश्य दोन पावसाळ्यांत दिसते. पारदर्शक आवरणाच्या वायरीत तर हिरवी झाक टोकापासून आत सरकत जाताना डोळ्यांनी दिसते. उघडे तांबे नटाखाली ठेवण्याचा मार्ग किनाऱ्यावर मला पटत नाही.

मी आता कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वायर वापरतो, जी होड्यांच्या वायरिंगसाठी मिळते. तिच्या प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा पातळ थर असतो. टोकाला थिंबल नीट दाबून बसवतो आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवतो. नळी आकसताना आतला गोंद वितळून कडेने थोडासा बाहेर येतो, तेव्हा तोंड बंद झाल्याची खात्री पटते. अशी जोडणी चौथ्या पावसाळ्यात उघडून पाहिली, तार आतून स्वच्छ होती. ज्यांना एवढे करणे शक्य नाही, त्यांनी दरवर्षी गणपतीच्या साफसफाईच्या वेळी टोकाचे दीड सेंटिमीटर कापून नव्याने सोलावे. त्यासाठी जोडणी करतानाच स्पीकरच्या मागे हातभर वायर जास्तीची सोडावी लागते, आणि तिथेच बहुतेक जण कंजूषपणा करतात.

—

सूक्ष्मश्रोता

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो मी प्रामाणिकपणे मांडतो. मी साधी वायर काढून बरीच महागडी वायर लावली आणि फरक स्पष्ट ऐकू आला. गाणाऱ्याचा श्वास, तानपुऱ्याची जवारी, सगळे उजळ झाले. वायरीने काही फरक पडत नाही, असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही.

—

खर्ज

आपण जे ऐकले ते खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच आहे, की फरक कशामुळे पडला असेल याचा विचार करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी: जुनी वायर काढून नवी लावताना आपण चारही टोकेही नवी केली. गंजलेले, अर्धवट दाबलेले टोक जाऊन तिथे स्वच्छ, घट्ट टोक आले. माझ्या डाव्या स्पीकरच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि मीही पहिल्या संध्याकाळी नव्या वायरीचे कौतुक करत होतो. मग काढलेली जुनी पाऊणची वायर घेऊन तिचीच टोके कापून नव्याने सोलली आणि ती पुन्हा लावून ऐकली. खरखर गेलेली होती आणि उजळपणा जवळपास तेवढाच होता. शक्य असल्यास आपणही जुन्या वायरीला नवी टोके देऊन एकदा ऐकून पाहावे, मात्र दोन्ही वेळा आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक उजळ वाटतो.

याच ओघात दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या असाव्यात का, हेही सांगतो. माझी डावी वायर ९ मीटर आणि उजवी ४ मीटर आहे. वायरीतून संकेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे ५ मीटरच्या फरकाने येणारा उशीर एका सेकंदाच्या चार कोट्यांश भागाइतका असतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. खुर्ची बोटभर सरकवली तर याहून हजारो पट फरक पडतो. आवाजाच्या पातळीतला फरकही अडीचच्या वायरीवर एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शाहून कमी येतो. उजव्या बाजूला पाच मीटर वायर वेटोळे करून ठेवण्याची गरज नाही.

—

श्टुटगार्टवासी

नवी यंत्रे घेणाऱ्यांसाठी एक माहिती. इकडे युरोपात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलांच्या तोंडात लाल-काळी प्लास्टिकची बुचे ठोकलेली असतात आणि बनाना प्लग आत जातच नाही, म्हणून अनेक जण गोंधळतात. त्यामागचे कारण गंभीर आहे. बनाना प्लग चार मिलिमीटरचा असतो आणि इथल्या भिंतीतल्या विजेच्या सॉकेटात तो सहज शिरतो. दोन प्लग एकत्र जोडलेल्या प्रकारात तर त्यांच्यातले अंतर १९ मिलिमीटर असते आणि सॉकेटाच्या दोन भोकांतले अंतरही तेवढेच असते. लहान मुलाने स्पीकरची मोकळी वायर उचलून भिंतीत खुपसली तर काय होईल, याची कल्पना करावी. बारीक स्क्रूड्रायव्हरने बुचे निघतात, पण काढण्याआधी घरात लहान मूल आहे का, याचा विचार करावा. भारतातल्या, भोकांच्या आत सरकते संरक्षक पडदे नसलेल्या जुन्या गोल भोकांच्या सॉकेटांनाही हेच लागू आहे. आमच्या घरी मुलगी तीन वर्षांची होती तोपर्यंत मी बुचे तशीच ठेवली आणि उघड्या तांब्यावरच काम भागवले.

—

खर्ज

ही माहिती फार मोलाची आहे, मनापासून आभार. यावरून आणखी एक नियम सुचतो: प्लग आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला जोडून स्पीकरचे टोक मोकळे लोंबत ठेवू नये. आधी स्पीकरची बाजू पूर्ण करावी आणि अ‍ॅम्प्लिफायरची बाजू सर्वांत शेवटी.

लाल-काळ्याविषयी मूळ लेखनात राहून गेले, ते इथे लिहितो. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर काहीही जळत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. एका स्पीकरचा पडदा (आवाज काढणारा हलता शंकू) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. तबल्यातल्या डग्ग्याची घुमार नाहीशी होते आणि गाणाऱ्याचा आवाज कुठून येतो तेच कळत नाही. बहुतेक वायरींत एका पदरावर रेघ, उठाव किंवा वेगळा रंग असतो. तो पदर दोन्ही टोकांना लाललाच जोडावा. भिंतीत गेलेल्या वायरीच्या खुणा दिसत नसतील तर मल्टीमीटरच्या बीपवर कोणता पदर कोणता ते तपासावे. वायर स्पीकरला जोडलेली असेल आणि ती अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवली असेल, तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक लालकडे असेल तर वूफरचा, म्हणजे डब्यातल्या खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर येतो. हा प्रयोग वूफरवरच करावा, सुट्या ट्वीटरवर (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) मुळीच करू नये.

ज्यांच्या स्पीकरमागे चार टर्मिनले आहेत, त्यांनी वरच्या आणि खालच्या जोड्यांमधल्या धातूच्या पट्ट्यांचे नटही तपासावेत. एकच वायर जोडली असेल तर त्या पट्ट्या असायलाच हव्यात, आणि दोन वेगळे अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे असतील तर त्या आधी काढायलाच हव्यात.

—

डोंबिवलीकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बंडलाचे वजन आवरणासकट ५६० ग्रॅम भरले आणि एक तार खरवडल्यावर आत पांढरा धातू निघाला. दुकानदाराने थोडी कुरबुर करून ते परत घेतले. त्याऐवजी घरगुती वायरिंगचीच, आयएस ६९४ हा क्रमांक छापलेली अडीचची लवचीक वायर लाल आणि काळ्या रंगात घेतली. वायरमनने स्वतंत्र पाइप टाकून दिला. जोडणीच्या बाजूला हातभर वायर पेटीत गुंडाळून ठेवली आहे. क्रिंपिंगचे हत्यार शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या एका वायरमनकडून एका दिवसासाठी मिळाले. चेपलेल्या आठ थिंबलांपैकी एक ओढताच निसटले, ते पुन्हा केले.

काल रात्री प्रथमच संच लावला. वडिलांकडे आकाशवाणीवरून ध्वनिमुद्रित केलेली एक जुनी मैफल आहे, ती एकाच वाहिनीची असल्यामुळे दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखाच आवाज येतो. ती लावून समोर मधोमध बसलो, तर गायिकेचा आवाज खोलीभर पसरलेला आणि पोकळ वाटला. डग्गा जवळजवळ ऐकूच येत नव्हता. संच बंद केला, मल्टीमीटर घेतला, आणि उजव्या स्पीकरच्या मागे लाल वायरीवर काळ्या आवरणाचे थिंबल बसवल्याचे दिसले. थिंबलाचा रंग पाहून मी ती काळ्या टर्मिनलला जोडली होती. दोन नट सोडवून तारा बदलल्या. पुन्हा मैफल लावली, तेव्हा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, भिंतीवरच्या घड्याळाच्या खालून येऊ लागला. वडील तोपर्यंत आतल्या खोलीत होते. डग्ग्याची पहिली घुमार ऐकून ते बाहेर येऊन बसले.